पांढरी एक, काळी पाच

शनिवार-रविवारी प्राधिकरण, चिंचवड, पिंपळे सौदागर या भागात फिरलात तर दर दोन-तीन गल्ल्यांमागे एखादा कीबोर्ड क्लास दिसेल. पहिला धडा सगळीकडे साधारण सारखाच. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या डावीकडची पांढरी पट्टी शोधा, तिच्यावर अंगठा ठेवा, उरलेली चार बोटं पुढच्या चार पांढऱ्यांवर. बोटं गोलसर, मनगट सरळ, आणि तोंडाने एक-दोन-तीन-चार. झाली सुरुवात!

आता गंमत बघा. याच पट्टीला आपल्याकडे शंभरेक वर्षांपासून 'पांढरी एक' म्हणतात. शेजारची 'काळी एक', मग 'पांढरी दोन', असं करत पांढऱ्या सात आणि काळ्या पाच. गायक "माझी काळी एक" म्हणतो तेव्हा तो आपल्या 'सा'ची जागा सांगत असतो. म्हणजे पियानोचा पट्ट्यांचा नकाशा मराठी घरात केव्हाच येऊन बसलाय. तो आला पेटीतून. आणि या पेटीवर आकाशवाणीने एके काळी तब्बल ३१ वर्षं बंदी घातली होती. आजचा लेख त्या भानगडीवर.

हार्मोनियम मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन याने १८४० च्या सुमारास हे नाव देऊन तिचं पेटंट घेतलं. ती होती पायपेटी. खुर्चीवर बसून पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायचे. आपल्याकडे गाणं बजावणं बैठकीचं, जमिनीवर मांडी घालून. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' कंपनीने १८८० च्या दशकात हातपेटी काढली. भाता मागे आला, पाय काढून टाकले, आणि पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव नेता येईल इतकी लहान झाली.

हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. डावा हात भात्याला गेला, म्हणजे वाजवायला उरला एकच हात. पाश्चात्त्य संगीतात डावा हात सुरांचे गुच्छ धरतो आणि उजवा चाल वाजवतो. आपल्याला गुच्छ नकोच होते, एकच चाल पुरेशी होती. थोडक्यात, हार्मनी गेली आणि फक्त नावात उरली :-)

हाताची ठेवणही बदलली. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. जोरात दाबा, मोठा आवाज. हळू दाबा, लहान आवाज. म्हणून तिथे बोटांच्या गोलाईला आणि मनगटाला इतकं महत्त्व. पेटीत पट्टी म्हणजे फक्त झडप. ती उघडली की हवा पितळी सुरातून जाते. आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. त्यामुळे पेटीवाल्याची बोटं आपटत नाहीत, पट्ट्यांवरून सरकत जातात, आणि भाव सांभाळतो तो डावा हात.

महाराष्ट्रात पेटी लोकप्रिय व्हायला वेळ अगदी बरोबर जुळून आली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकांची लाट सुरू झाली. नटाला सूर देणारं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारं आणि दौऱ्यावर रोज लावत बसावं न लागणारं वाद्य हवं होतं. सारंगी गळ्याच्या जवळची खरी, पण लावायला आणि शिकायला अवघड. पेटी उघडा आणि वाजवा!

पेटीला मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत पहिलं नाव गोविंदराव टेंबे यांचं (१८८१-१९५५). भास्करबुवा बखल्यांची साथ, १९११ च्या 'मानापमान'च्या चाली, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत भागीदारी आणि १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' यात संगीत आणि नायकाची भूमिकाही. एका माणसाचा हा रेझ्युमे आहे. नंतरच्या पिढ्यांत आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही नावं आली.

मग बिनसलं कुठे? इथे थोडं गणित. पियानो आणि पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या १.०५९ पट. 'सा' २४० धरला तर पेटीचा पंचम येतो ३५९.६, आणि तंबोऱ्याचा ३६०. हा फरक चालून जातो. पण नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० वर असतो आणि पेटीचा ३०२.४ वर. तंबोरा सुरात लागला असेल तर त्यातून तो ३०० चा गंधार आपोआप ऐकू येतो, आणि शेजारी पेटी आपला वेगळाच गंधार धरून बसते. तयार कानाला हे खटकतं. शिवाय दोन सुरांमधून घसरत जाणारी मींड झडपेतून निघणार कशी?

हे सगळं आपल्याच लोकांनी आधी हेरलं होतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटी लंडनहून बनवून घेतली. बडोद्याच्या १९१६ च्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडलीही, पण कलावंतांच्या परीक्षेत टिकली नाही. कारण श्रुती रागागणिक हलते. बाराच्या जागी बावीस खुंटे मारले तरी ते खुंटेच.

आक्षेप खरा होता. त्यावरचा उपाय मात्र सरकारी निघाला. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्सने १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद! स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. १९५२ ते ६२ या काळात नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, जन्माने पुणेकर. त्यांना सिनेसंगीतही चालत नव्हतं, तिथे पेटीची काय कथा. १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली आणि साथीला परवानगी मिळाली. सोलो वादनाला पुढेही बराच काळ थांबावं लागलं.

ही ३१ वर्षं म्हणजे एका कलावंताची अख्खी उमेद. मैफलीत वाजवणारा माणूस रेडिओ स्टेशनच्या दारात आपोआप अपात्र. तेव्हा रेडिओ म्हणजे नाव आणि नियमित पैसा, दोन्ही. वाद्याच्या मर्यादेची शिक्षा वाजवणाऱ्याला झाली.

बाहेर मात्र कुणी ऐकलं नाही. देहू आणि आळंदी आपल्या दोन बाजूंना. भोसरी, चिंचवडगाव, चाकण इथल्या देवळांत टाळ-मृदंगाच्या शेजारी पेटी बसली ती बसलीच. दिवसभर शेतात किंवा शिफ्टमध्ये राबून आलेल्या माणसाला तंबोरा लावता येईलच असं नाही, पण पेटीवर 'सा' धरता येतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा टाळांत पक्क्या असतातच. सूर आणि ताल, दोन्हीची सोय झाली. गाणं खानदानी उंबऱ्याबाहेर आलं त्यात या 'अशुद्ध' पेटीचा मोठा वाटा आहे.

घरी कीबोर्ड असेल तर एक प्रयोग करून बघा. फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, 'सा' बदलत जायचा. पांढरी एकपासून बिलावल, दोनपासून काफी, तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा त्याच सात पट्ट्यांत सापडतात. सातवीपासून मात्र गाडी अडते, कारण पंचमच मिळत नाही. आता काळी तीनला 'सा' धरा आणि पाचही काळ्या वाजवा. भूप!

मला वाटतं वाद एवढ्यावर मिटवता येईल. पट्ट्या म्हणजे डिफॉल्ट सेटिंग. सुरुवात करायला झकास, पण तेच अंतिम सत्य मानलं की कान तिथेच थांबतो. मुलांना कीबोर्ड शिकवा, ग्रेडच्या परीक्षा देऊ द्या, फक्त शेजारी रोज पाच मिनिटं तंबोरा लावा, मोबाईलवरचा चालेल. त्यावर 'ग' गायला सांगा आणि मग तोच 'ग' पट्टीवर दाबायला सांगा. ज्या दिवशी पोर म्हणेल "दोन्ही सारखे नाहीत", त्या दिवशी त्याला गाणं ऐकू यायला लागलं. देवल-क्लेमेंट्सना लंडनहून पेटी मागवून आणि आकाशवाणीला बंदी घालून जे साधलं नाही, ते एवढ्याने साधेल.