औंधची १९३९ ची राज्यघटना आणि नागरिकत्वाचे शिक्षण

सार्वजनिक धोरण, नागरी नेतृत्व व जागतिक व्यवहार या विषयांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आपल्याकडील विद्यापीठांतून चालू होण्यास फार वर्षे झालेली नाहीत. परंतु हे विषय शिकविता येतात काय, आणि येत असल्यास ते वर्गात शिकवावयाचे की प्रत्यक्ष कारभारात, हा प्रश्न सातारा-सांगली प्रदेशात पुष्कळ आधी उपस्थित झाला होता. इतकेच नव्हे, तर एका लहानशा संस्थानाने त्याचे उत्तर आपल्या राज्यघटनेतच देण्याचा यत्न केला. ते संस्थान म्हणजे औंध.

औंध संस्थानचे क्षेत्र सुमारे पाचशे चौरस मैलांचे, गावे ७२, आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या ८८ हजारांच्या आसपास. मुलूखही सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल हे त्याचे भाग ब्रिटिश मुलखात बेटांप्रमाणे विखुरलेले, तर गुणदाळ विजापुराकडे. अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकार म्हणून महाराष्ट्रास परिचित. १९३५ साली इंदूर येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डचे शिक्षण व बॅरिस्टरी आटोपून परत आले होते. त्यांच्या जोडीस मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनिअर होते. बंगळूरच्या सरकारी कारखान्यातील नोकरीतून ते औंधाकडे वळले व भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३८ च्या अखेरीस प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देण्याचे ठरताच ही मंडळी गांधीजींच्या सल्ल्यासाठी गेली, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी घटना अमलात आली.

तिची रचना खालून वर जाणारी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुक्याची सभा. आणि तालुकासभांतून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी. गावच्या लहानसहान तंट्यांचा निवाडा पंचायतीकडे आला, आणि महसुलाचा मोठा वाटा खालच्या पातळीवरच खर्चावयाचा असे ठरले. राजेसाहेबांच्या खासगी खर्चावरही मर्यादा आली. त्या काळी दक्षिणेतील संस्थानिकांपैकी बहुतेकांना सल्लागार मंडळापलीकडे जाण्याची इच्छा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे धाडस कळून येते.

तथापि अभ्यासकाने खरोखर थांबावयाचे ते मताधिकाराच्या कलमापाशी. मत प्रौढ व्यक्तीला द्यावयाचे, परंतु ती व्यक्ती साक्षर असली पाहिजे, अशी अट घटनेत होती, आणि ती गांधीजींच्या आग्रहाने आली होती. मताचा अधिकार हवा असल्यास मनुष्य अक्षरे शिकेल, म्हणजे मताधिकारच लोकशिक्षणाचे साधन होईल, अशी तीमागील कल्पना. मालमत्तेची किंवा सारा भरण्याची अट, जी ब्रिटिश मुलखात होती, तिच्याहून ही निःसंशय उदार होय. कारण जमीन मिळविणे गरिबाच्या हाती नसले तरी अक्षरे गिरविणे काही अंशी असते. परंतु त्या काळच्या खेड्यात साक्षर किती होते? स्त्रिया, अस्पृश्य, दुष्काळी आटपाडीकडील मेंढपाळ व शेतमजूर यांच्यापैकी अत्यल्पांच्या वाट्याला शाळा आली होती. म्हणजे ज्यांना पंचायतीची गरज सर्वांत अधिक, तेच तिच्या दाराबाहेर राहणार. शिकवून मग अधिकार द्यावयाचा, की अधिकार देऊन मग शिकू द्यावयाचे, या वादात औंधच्या घटनेने पहिला पक्ष घेतला, आणि तो चुकीचा होता असेच म्हणावे लागते. भारताच्या घटनेने १९५० साली साक्षरतेची अट न घालता प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत निरक्षर मतदाराने चिन्ह पाहून मत दिले.

घटनेच्या वृत्तीचा दुसरा एक पुरावा आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत सापडतो. कैद्यांना भिंतीविना, शेतीच्या कामावर ठेवण्याचा हा प्रयोग १९३९ मधीलच. पुढे १९५७ साली व्ही. शांतारामांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ने त्याची कीर्ती देशभर नेली, पण त्यामागचे संस्थान मात्र विस्मृतीत गेले.

कुंडलची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. हे औंध संस्थानातले गाव; येथल्याच माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपली वाडी वसविली. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख ठाणे आणि तुफान सेनेचे केंद्र कुंडलच झाले. तुफान सेनेच्या जी. डी. बापू लाडांचे गावही हेच. प्रतिसरकारची न्यायदान मंडळे वादी-प्रतिवादीला साक्षरतेचा दाखला विचारीत नव्हती. सावकारी, दारू, धान्याचा काळाबाजार, लग्नातील उधळपट्टी हे त्यांचे विषय. म्हणजे आज ज्यास सार्वजनिक धोरण म्हणतात तेच. एकाच मातीत वरून दिलेली घटना आणि खालून उठलेले सरकार शेजारी शेजारी वाढले, ही गोष्ट इतिहासात विरळा. अर्थात प्रतिसरकारच्या न्यायास वर दाद नव्हती, आणि ‘पत्री सरकार’ हे नाव ज्या शिक्षेवरून पडले ती शिक्षा विसरून त्याची थोरवी गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. औंधच्या पंचायतीत नियम होते पण माणसे थोडी. प्रतिसरकारात माणसे होती, नियम थोडे.

याच सुमारास साताऱ्यात तिसरा मार्ग चालू होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकत्र जेवतात, स्वयंपाक व कष्ट वाटून घेतात, हा तेथील पाठ कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकाहून परिणामकारक होता. १९३५ मध्ये शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय व १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघाले. सांगलीकडे विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून होतेच. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली, तेव्हा सातारा व सांगली ही दोन्ही त्याच्या क्षेत्रात आली.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचा मुलूख उत्तर सातारा, दक्षिण सातारा व विजापूर यांत वाटला गेला. दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय पंचायत राज्य महाराष्ट्रात सुरू झाले. त्याचा आणि औंधच्या घटनेचा थेट वंशसंबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. नव्या कायद्याचा आधार नाईक समितीचा अहवाल होता, आणि त्यात बळ जिल्ह्याच्या पातळीवर होते. औंधमध्ये ते गावी होते. साम्य आहे ते आकारात.

नेतृत्व घडते कसे, याचे उत्तर या दोन जिल्ह्यांत एकच मिळत नाही. चव्हाण इतिहास व राज्यशास्त्राचे पदवीधर. उलट सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण अल्प, आणि १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडणे हा त्यांच्या राजकीय शिक्षणातील मोठा धडा. गंमत अशी, की विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे द्वार महाराष्ट्रात १९८३ साली उघडले ते याच वसंतदादांच्या शासनाने.

आप्पासाहेब पंतांचा मार्ग मात्र प्रदेशाबाहेर गेला. खेड्यांच्या पंचायती उभ्या करणारा हा राजपुत्र १९४८ साली भारताचा कमिशनर म्हणून नैरोबीस रवाना झाला. पूर्व आफ्रिकेतील भारतीय त्या वर्षांत गांधी स्मारक विद्यासंस्थेसाठी निधी उभारीत होते. ती संस्था पुढे रॉयल टेक्निकल कॉलेजशी जोडली गेली, आणि त्याच कॉलेजातून १९७० साली नैरोबी विद्यापीठ निर्माण झाले.