कारवरून ट्रकवर: लायसन्सच्या जिन्यातली गायब झालेली पायरी

लोणार म्हटलं की सगळ्यांना सरोवर आठवतं. पण आज आपण सरोवरावर नाही, गावातल्या रस्त्यावर उभे आहोत. लोणारला रेल्वे नाही. सोयाबीन बाहेर जाणार ते ट्रकने, खत-सिमेंट येणार तेही ट्रकनेच. त्यामुळे कारचं लायसन्स खिशात आलं की पोरांच्या डोक्यात पुढचा विचार येतो: "आता हेवी काढायचं." या 'हेवी'मागचा इतिहास काय, तेच आज बघू.

सुरुवात करू १९३९च्या मोटार वाहन कायद्यापासून. तेव्हा लोणार महाराष्ट्रात नव्हतं, मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतं. त्या कायद्यात एक गंमत होती. पगार घेऊन गाडी चालवायची असेल, तर लायसन्सवर तशी वेगळी परवानगी लागायची. म्हणजे मालक स्वतःची गाडी चालवतो ते वेगळं, आणि ड्रायव्हर पोटासाठी चालवतो ते वेगळं. खरं शिक्षण मात्र ट्रकमध्येच व्हायचं. पोरगा आधी क्लीनर व्हायचा. टायर बदलायचा, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचा आणि वर्षानुवर्षं उस्तादाच्या शेजारी बसून रस्ता वाचायला शिकायचा.

मग आला १९८८चा कायदा. तो १ जुलै १९८९पासून लागू झाला आणि त्याने वजनानुसार चक्क जिना बांधला. पहिली पायरी हलकं वाहन, म्हणजे ६,००० किलोपर्यंत. दुसरी पायरी मध्यम. तिसरी जड, १२,००० किलोच्या वर. ट्रकचं लर्निंग हवं असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स दोन वर्षं जुनं हवं, नाहीतर मध्यम मालवाहू गाडीचं एक वर्ष जुनं हवं. सरळ हिशोब होता: आधी छोटी, मग मधली, मग मोठी.

१९९४च्या दुरुस्तीने हा जिना बदलला. लायसन्सवरचे मध्यम आणि जड हे वेगळे वर्ग गेले आणि त्यांच्या जागी एकच शब्द आला, 'परिवहन वाहन', म्हणजेच ट्रान्सपोर्ट. हलक्या वाहनाची मर्यादा ६,०००वरून ७,५०० किलो झाली. आणि ट्रान्सपोर्टच्या लर्निंगसाठी हलक्या वाहनाचं एक वर्ष जुनं लायसन्स पुरेसं ठरलं. कागदपत्रं सोपी झाली, हे खरं. पण मधली पायरी गायब झाली, हेही खरं! दहाचाकी ट्रकचं भरलेलं वजन तेव्हा २५ टनांपर्यंत चालायचं, २०१८ मध्ये ते २८.५ टन झालं. उडी वाढतच गेली.

मध्ये आणखी एक वळण आलं. २००७ मध्ये ट्रान्सपोर्टच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट आली. ज्या क्लीनरने शाळा सोडून उभा जन्म ट्रकवर काढला, त्याला गाडी येत होती, पण दाखला नव्हता. ही अट २०१९ मध्ये निघाली.

आता खरा पेच बघा. कारचं लायसन्स असलेल्याने भाड्याचा छोटा टेम्पो चालवला आणि अपघात झाला, तर भरपाई कोण देणार? "लायसन्सवर ट्रान्सपोर्ट लिहिलेलं नाही," असं म्हणत विमा कंपन्या कोर्टात जायच्या. एकीकडे जखमीचं घर, दुसरीकडे कर्जावर टेम्पो घेतलेला मालक, दोघंही टांगणीला. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालेल. पुन्हा वाद झाला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. अशा ड्रायव्हरांमुळे अपघात वाढतात, हे दाखवणारी आकडेवारी समोर आलेली नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं.

म्हणजे कायद्याने काढलेली मधली पायरी या निकालाने वेगळ्या रूपात परत दिली. कारच्या लायसन्सवर तुम्ही छोटा हत्ती किंवा पिकअप भाड्यानेही चालवू शकता. त्याच्या पुढे मात्र ट्रान्सपोर्ट लागतंच. त्यासाठी वय २० पूर्ण हवं, हलक्याचं लायसन्स वर्षभर जुनं हवं, डॉक्टरांचं फॉर्म १-ए, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५, मग लर्निंग काढून तीस दिवसांनंतर टेस्ट. आपल्या एमएच-२८वाल्यांसाठी आरटीओचं ऑफिस बुलढाण्याला. हे लायसन्स पूर्वी तीन वर्षं चालायचं, २०१९च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं चालतं.

नियमाप्रमाणे नेहमीच्या स्कूलमध्ये जड गाडीचं प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १५ तास. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात सहा आठवड्यांत ३८ तासांचा कोर्स. आता विचार करा, उस्तादाच्या शेजारची ती वर्षं कुठे आणि हे पंधरा तास कुठे? एजंट म्हणेल, "भाऊ, सही करा, बाकी मी बघतो." पण मेहकरच्या रस्त्यावर मागे पंधरा-वीस टन माल असताना ब्रेक तुम्हालाच मारायचाय, एजंटला नाही.

म्हणून ते एक वर्ष नुसतं कॅलेंडरवर मोजू नका. सहा महिने तरी भरलेला पिकअप चालवा. वजन मागून कसं ढकलतं, ते पायाला कळू द्या. कायद्यातली पायरी गेली असेल, तुमच्या शिकण्यातली जाऊ देऊ नका.

तुमच्या घरात कुणी जुने ड्रायव्हर असतील, तर हा भाग त्यांना ऐकवा आणि विचारा, "काका, तुम्ही कसं शिकलात?" भेटूया पुढच्या भागात. तोवर सावकाश चालवा!