मदतकर्त्याला कायद्याचे कवच

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूरसारखी उमरगा परिसरातील गावे ढिगाऱ्याखाली गेली. गावकरी, जवान आणि स्वयंसेवक मिळेल त्या साधनाने दगडमाती उपसत होते. घाईत भिंत पाडली, जखमीला चुकीचे उचलले, तर जबाबदार कोण? आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदाच तेव्हा नव्हता.

तो 2005 मध्ये आला. त्याच्या कलम 73 नुसार, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल शासन, जिल्हा प्राधिकरण, त्यांचे कर्मचारी आणि त्यांच्या वतीने काम करणारी व्यक्ती यांच्यावर दावा किंवा खटला चालत नाही. मात्र आपणहून धावून आलेल्या शेजाऱ्याचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. ढिगाऱ्यापाशी सर्वांत आधी पोहोचतो तो शेजारीच. रस्ते अपघातातील मदतकर्त्याला मात्र मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने, कलम 134-अ अन्वये, असे संरक्षण दिले आहे.