पाऊण मिलिमीटरचे पोलाद

गेल्या पावसाळ्यात माझ्या लिहिण्याच्या टेबलावर दोन महिने एक रणगाडा होता. लांबी वितीहूनही कमी. प्लॅस्टिकचे सुटे भाग आणून ते जोडायचे आणि रंगवायचे, अशा प्रकारची ही प्रतिकृती. खोका आणला होता मुलाने, मोठ्या हौसेने. पण नोकरीच्या गावी परत जाताना तो माझ्याकडेच राहिला. आयुष्यभर शब्द जुळवत बसलेल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर चाके जुळवायला घ्यावीत, याचे घरात हसू झाले. मलाही वाटले होते, पोरखेळच आहे. पण दोन महिन्यांत या पोरखेळाने मला जो इतिहास वाचायला लावला, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

खोक्यातला रणगाडा जपानी होता, ‘टाइप ९७’. हा ९७ आकडा कुठून आला? जपानच्या तेव्हाच्या राजशकाप्रमाणे ते वर्ष होते २५९७, म्हणजे आपले १९३७. त्या सालचे शेवटचे दोन आकडे रणगाड्याच्या नावाला चिकटले. खरा रणगाडा साधारण साडेपाच मीटर लांब, वजनाला पंधरा टनांच्या आसपास आणि आत चार माणसे. प्रतिकृती त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी.

पस्तीसच का? तीस किंवा चाळीस का नाही? याची हकिगत गमतीची आहे. जपानमधले शिझुओका हे लाकूडकामासाठी जुने नावाजलेले शहर. तिथे १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी काढली. दोन वर्षांत तिथे लाकडी प्रतिकृती तयार होऊ लागल्या. पुढे अमेरिकेहून प्लॅस्टिकच्या प्रतिकृती आल्या आणि लाकडाला गिऱ्हाईक राहिले नाही. तामियांनीही १९६० मध्ये प्लॅस्टिक धरले. पहिली युद्धनौका ‘यामातो’ काही चालली नाही. त्यानंतर त्यांनी ‘पँथर’ हा जर्मन रणगाडा बाजारात आणला. तो विजेच्या छोट्या मोटरवर चालायचा. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. नंतर मोजून पाहिले तेव्हा प्रमाण भरले सुमारे एकास पस्तीस. ‘पँथर’ तुफान खपला आणि तेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. योशिओंचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनीच ही हकिगत सांगितलेली आहे. ते २०२५ साली वारले. जगभरची मुले आणि म्हातारे ज्या मापाने युद्धाच्या प्रतिकृती करतात, ते माप कुठल्या सेनापतीने नव्हे, बॅटरीने ठरवले!

आता थोडे कामाविषयी. सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना देठांनी लटकलेले असतात. देठ कातरायचा, उरलेला खुंट बारीक कानशीने घासायचा आणि मग चिकटवायचे. हा डिंक म्हणजे आपली खळ नव्हे. तो प्लॅस्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते. मग अस्तराचा रंग. त्यावर खाकी, तपकिरी आणि हिरवे पट्टे. त्यानंतर खरी गंमत सुरू होते. गडद रंग अगदी पातळ करून सांधी-कोपऱ्यांत सोडायचा, म्हणजे सावल्या उठतात. जवळजवळ कोरडा केलेला कुंचला कडांवरून फिरवला की झिजलेले लोखंड दिसू लागते. शेवटी पट्ट्यांना चिखल. नवीकोरी वस्तू जुनी करण्यासाठी माणूस इतके कष्ट घेतो, हे मला फार आवडले.

एका संध्याकाळी सहज गणित केले. टाइप ९७ चे पुढचे कवच होते २५ मिलिमीटर जाडीचे. त्याला पस्तिसाने भागले की पाऊण मिलिमीटरही भरत नाही. माझ्या हातातले प्लॅस्टिक मी मोजले, तर ते मिलिमीटरहून थोडे अधिकच जाड. म्हणजे प्रमाणात पाहिले तर खेळण्याचे कवच खऱ्या रणगाड्यापेक्षा भक्कम होते. हातातली कानस मी खाली ठेवली.

हा रणगाडा मुख्यतः पायदळाला साथ देण्यासाठी आखलेला होता. समोरून दुसरा रणगाडा येईल हा विचार त्यात दुय्यम. त्याची ५७ मिलिमीटरची तोफ आखूड नळीची, जाड पोलाद भेदण्यात दुबळी. १९३९ साली मंगोलियाच्या सीमेवर खल्खिन गोल येथे सोव्हिएत तोफांनी जपानी रणगाड्यांची पातळ कवचे फोडली. तरीही टाइप ९७ महायुद्ध संपेपर्यंत वापरात राहिला. त्या पाऊण मिलिमीटरच्या आड बसायला पोरे पाठवली जात राहिली.

त्यांतलाच एक पोरगा पुढे जपानचा लाडका ऐतिहासिक कादंबरीकार झाला. त्याचे नाव र्योतारो शिबा. ओसाकाला मंगोल भाषा शिकत असताना १९४३ मध्ये त्यांना सैन्यात ओढले आणि रणगाडा दलात घातले. १९४५ साली ते तोक्योच्या उत्तरेला सानो गावी होते. वय बावीस. अमेरिकन सैन्य किनाऱ्यावर उतरले तर त्याला अडवायला दक्षिणेकडे जायचे, असा बेत होता. शिबांना प्रश्न पडला, की त्याच रस्त्याने राजधानीतली माणसे हातगाड्या ओढत उत्तरेकडे पळत येतील, त्यांचे काय करायचे? वरिष्ठ अधिकाऱ्याचे उत्तर आले, चिरडत पुढे जा. शिबांनी ही आठवण पुढे लिहून ठेवली. त्यांच्या काही सहकाऱ्यांना ती मान्य नव्हती. पण आपला देश या थराला कसा आला, हा प्रश्न शिबांना तेव्हा पडला आणि १९९६ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. आपल्या कादंबऱ्या म्हणजे त्या बावीस वर्षांच्या स्वतःला लिहिलेली पत्रे आहेत, असे ते सांगत.

हे वाचल्यावर माझ्या रणगाड्याचे झाकण लावताना हात अडखळला. खोक्यात एकच सैनिक होता, तोही कमरेपासून वरचा. बाकीचे तिघे नाहीतच, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. आत पोकळी. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे महायुद्धातले जपानी रणगाडेही उभे आहेत. आपली मुले त्यांच्यापुढे फोटो काढतात. काढावेत. पण आत किती जण बसत आणि कवच किती जाडीचे होते, हेही त्यांना सांगावे.

शिझुओकाची एक गोष्ट राहिली. तामियांची गिरणी सुरू होण्याच्या वर्षभर आधी, जून १९४५ मध्ये, हे शहर बाँबफेकीत जळाले. सुमारे २,००० नागरिक गेले. त्या रात्री दोन अमेरिकन बी-२९ विमाने आकाशातच एकमेकांवर आदळली आणि त्यांतले २३ जण मेले. फुकुमात्सु इतो नावाच्या गृहस्थांनी त्या शत्रूंनाही आपल्या माणसांसारखीच माती दिली. लोकांनी त्यांना बोल लावले, पण ते मागे हटले नाहीत. विमानाच्या अवशेषांत त्यांना पाण्याची एक फौजी बाटली सापडली, आगीत काळी पडलेली. पुढे शहरातल्या टेकडीवर नागरिकांचे आणि त्या वैमानिकांचे अशी दोन्ही स्मारके उभी राहिली. तिथल्या स्मृतिसमारंभात त्याच काळ्या बाटलीतून मृतांसाठी धार धरली जाऊ लागली. पुढे ती पर्ल हार्बरच्या पाण्यावरही धरली गेली.

आमच्याकडे मोहरममध्ये सबील लावतात. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी, सरबत देतात. करबलाच्या तहानेची ती आठवण. पाणी देताना समोरच्याला नावगाव विचारत नाहीत. इतोंची हकिगत वाचताना मला लहानपणीच्या सबिलीचे ओले माठ आठवले.

खोक्याबरोबर मुलाने पायदळी सैनिकांचा एक छोटा संच आणला होता. त्यात दोन-तीन पाण्याच्या बाटल्या आहेत, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. रणगाडा पुरा झाला, आता पुस्तकांच्या कपाटावर आहे. त्याचे वरचे झाकण मी उघडेच ठेवले आहे. मुलगा फोनवर विचारतो, ‘‘अब्बा, काम संपलं का?’’ मी सांगतो, रणगाड्याचं संपलं, बाटल्या रंगवायच्या राहिल्यात. चिमट्यात धरून, श्वास रोखून रंगवाव्या लागतात. घाई करून चालत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)