चांद्याचे लोखंड

चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत आधुनिक यंत्रोद्योगाचे केंद्र उभारावे, असा विचार आज जिकडेतिकडे बोलला जात आहे. सभेत ऐकणाऱ्यास तो नवा वाटतो. जुने कागद चाळणाऱ्यास मात्र तो तसा वाटत नाही. या अरण्यात पोलादाचा कारखाना काढावयाचा, हे स्वप्न चांगले एकशे चाळीस वर्षांचे आहे. ते कोणी पाहिले, का फसले आणि त्यापासून आपण कोणता बोध घ्यावयाचा, एवढेच श्रोत्यांपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

हे दोन्ही जिल्हे पूर्वी मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली त्यातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. येथील लोखंड काही साहेबाने शोधून काढलेले नाही. साहेब येण्यापूर्वीपासून येथील कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत लोहदगड व लाकडी कोळसा घालीत आणि भात्याने वारा देऊन लोखंड गाळीत. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ त्यातूनच घडे. पुढे आगगाडीने स्वस्त विलायती लोखंड दाराशी आणून टाकले, जंगलावर सरकारी निर्बंध आले आणि भट्ट्या एकामागून एक विझल्या. म्हणजे आरंभी येथे धातू होता आणि तो ओळखणारे हातही होते. प्रथम गेले ते हात.

१८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडाविषयी एक अहवाल लिहिला. लोहारा येथील धातू उत्तम प्रतीचा, आणि वरोऱ्याची कोळशाची खाण त्यापासून फार दूर नाही, असे त्यात म्हटले होते. नागपुरास १८७७ पासून एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती हा अहवाल पडला. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. झोतभट्टीस साधा कोळसा चालत नाही; हवा कोंडून भाजलेला, कठीण झालेला कोक लागतो, कारण वर धातूचा भार पडला तरी त्याचा चुरा होता कामा नये. वरोऱ्याचा कोळसा या परीक्षेस उतरला नाही. त्यातच खाणींविषयीचे सरकारी नियम जाचक. बेत बाजूस पडला.

१८९९ साली ते नियम सैल झाले आणि टाटांनी पुन्हा उचल घेतली. १९०४ साली वेल्ड नावाचा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला हे बैलगाड्या घेऊन चांद्याच्या जंगलात हिंडले. धातू होता, पण मोठ्या कारखान्यास वर्षानुवर्षे पुरेल एवढा त्यांना एके ठिकाणी सापडला नाही; आणि कोळशाची अडचण तशीच. निराश होऊन दोराबजी नागपुरास एका बड्या अधिकाऱ्याच्या भेटीस गेले. तेथे वेळ काढावा म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, तो एका भूस्तराच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांना दिसली. शोध धल्ली-राजहऱ्याकडे वळला, तेथून प्रमथनाथ बोसांच्या सूचनेवरून मयूरभंजाकडे. आणि शेवटी साकची येथे कारखाना उभा राहून १९१२ साली पोलाद निघाले. तेच आजचे जमशेदपूर. धल्ली-राजहऱ्याच्या धातूवर पुढे भिलाईची भट्टी १९५९ साली पेटली. चांदा मात्र होता तेथेच राहिला.

यास दैव म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. साकचीस तरी सगळे एके ठिकाणी कुठे होते? धातू मयूरभंजाहून येई, कोळसा झरियाहून. त्यांची गाठ घातली ती नकाशाने, रसायनशाळेने आणि रुळांनी. शिवाय १९२१ साली तेथे तंत्रशिक्षणाची संस्था निघाली आणि परदेशी कारागिरांच्या जागी देशी माणसे तयार होऊ लागली. कारखाना उभारणे आणि माणूस उभा करणे ही दोन कामे आहेत. दुसरे झाले नाही तर पहिले परक्याच्या हाती राहते.

चांद्याच्या वाट्यास बहुधा पहिलेच काम आले. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली, पण वर्धा खोऱ्यातला कोळसा पुढे निघतच राहिला. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने बांबू नेला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर गेली आणि राख व धूर येथे उरला. गावकऱ्यास मिळाली ती तोडीची आणि वाहतुकीची मजुरी.

याला एक अपवाद आहे आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहान गोंड गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्याच्या ग्रामसभेकडे आला. बांबू किती तोडावा, काय भावाने विकावा, हे गाव स्वतः ठरवू लागले. मोजमाप आणि हिशेब गावाच्या हाती आले. यंत्रविद्येचा पाया याहून वेगळा नसतो.

आज एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा धातू खणला जात आहे, चामोर्शीजवळ कोनसरी येथे कारखाना उभा आहे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने आधुनिक यंत्रप्रशिक्षणासाठी टाटांच्याच नावाच्या एका कंपनीशी करार केला आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते तोच डोंगर खणावयाचा, तर तेथील माणसास विचारल्यावाचून तो खणता येणार नाही, हेही तितकेच खरे. उद्या या केंद्राची परीक्षा करावयाची झाल्यास किती टन धातू निघाला एवढेच विचारून भागणार नाही. भट्टीचे तापमान पाहणारा, धातूची परीक्षा करणारा, यंत्र बिघडले तर उघडून दुरुस्त करणारा माणूस भामरागडचा की धानोऱ्याचा, का बाहेरून आणलेला, हे विचारावे लागेल. भात्याने वारा देणाऱ्या त्या जुन्या कारागिराचा वारस त्या भट्टीपाशी उभा दिसला, तरच चांद्याचे लोखंड चांद्याचे झाले असे आम्ही म्हणू.