हँडलपासून सेल्फपर्यंत: जुन्या ट्रकचा स्टार्टर पुन्हा पुन्हा का जळतो?

१/ वसमत हे हिंगोली जिल्ह्यातील हळदीच्या बाजारपेठेचे आणि साखर कारखान्याचे गाव. गळीत हंगामात येथील रस्त्यांवरून उसाने भरलेली वाहने धावतात. त्यांत बरीच वर्षे राबलेले ट्रकही असतात. अशा ट्रकांचे एक दुखणे चालकांच्या परिचयाचे आहे. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, जळते. दुरुस्त करून बसवावी तर थोड्याच दिवसांत पुन्हा जळते. या दुखण्याचे मूळ त्या मोटरीच्या जन्मकथेत सापडते. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. पहिले काही फेरे त्याला बाहेरून द्यावे लागतात. सुरुवातीच्या मोटारींत हे काम समोरच्या लोखंडी हँडलने होई. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. मनगटाजवळच्या अशा एका अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचा अस्थिभंग, असे नाव आहे. अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही शिकवण त्यातूनच आली.

३/ या त्रासातून सुटका केली ती अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने. तो आधी ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ कंपनीत होता आणि दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याचे काम त्याने केले होते. गल्ल्याला दिवसभर नव्हे, फक्त क्षणभर जोर लागतो. म्हणून लहानशी मोटर क्षणभर तिच्या कुवतीबाहेर राबवली तरी चालते, हे त्याने तेथे अनुभवले होते.

४/ हाच विचार त्याने मोटारीला लावला. इंजिन सतत फिरवू शकेल अशी विजेची मोटर फार अवजड झाली असती. काही सेकंदच राबणारी मोटर मात्र लहान असली तरी पुरे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत हा स्टार्टर बसला. त्यातली अट मात्र विसरता येत नाही: मोटर क्षणभरच राबली पाहिजे. तो क्षण लांबला की तांब्याच्या तारा तापतात, वेष्टन जळते आणि आर्मेचर निकामी होते.

५/ त्या वेळी वसमत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. स्वातंत्र्यानंतर डिझेल ट्रकांचे युग आले. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रकबांधणी सुरू केली. १९६१ मध्ये मद्रास येथे लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि वाहनांची विद्युत उपकरणे, त्यांत स्टार्टरही, देशातच बनू लागली.

६/ डिझेलने सेल्फचे काम अधिक अवघड केले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २० पट दाबून तिच्या उष्णतेवर इंधन पेटवले जाते. तेवढा दाब पेलत इंजिन फिरवायचे तर मोटरीला शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. हिवाळ्यातील पहाटे, ऐन गळिताच्या दिवसांत, इंजिनातील तेल घट्ट झालेले असते आणि बॅटरीचा जोरही उणावलेला असतो.

७/ खरा गुन्हेगार येथे सापडतो. ५०० अँपिअरच्या प्रवाहात एखाद्या गंजलेल्या जोडात ओहमचा केवळ हजारावा भाग रोध असला, तरी अर्धा व्होल्ट तेथेच खर्च होतो. असे तीन-चार जोड मिळून दीड-दोन व्होल्ट गिळतात. व्होल्टेज घटले की मोटर हळू फिरते. इंजिनाला लागणारा जोर तोच असल्याने प्रवाह फारसा घटत नाही. वाढतो तो वेळ. केटरिंगची अट मोडली जाते. नवी मोटर बसवली तरी जोड तेच असतात, म्हणून तीही जळते.

८/ हा दोष नजरेआड राहण्याचे कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. टेस्ट लॅम्प लावला, तो उजळला, म्हणून तार चांगली ठरवली जाते. पण तो दिवा जेमतेम एक-दोन अँपिअर ओढतो. तेवढ्यासाठी वायरचे चार धागे शाबूत असले तरी पुरे. दोष दिसतो तो सेल्फ मारतानाच.

९/ म्हणून तपासणीचा क्रम असा असतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, डिझेल बंद. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर पाहायचा. १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर सुमारे ९.६ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर आधी बॅटरी आणि चार्जिंग पाहावे. बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट असेल तर केबल आणि सोलेनॉइडचे संपर्क सदोष असतात.

१०/ तिसरी जागा सर्वाधिक दुर्लक्षित: अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते आणि चेसिस यांना जोडणारी पट्टी लागते. ती गंजली किंवा रंगाखाली गेली की प्रवाह भलत्याच वाटा शोधतो. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर तो याचाच पुरावा. इंजिनाचा धातू आणि बॅटरीचे ऋण टोक यांत ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक नसावा.

११/ तारा निर्दोष निघाल्या तर फ्लायव्हीलची रिंग पाहावी. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा तीनच जागी थांबते. म्हणून रिंगचे दाते तीन जागीच अधिक झिजतात आणि पिनियन तेथे घसरते. पिनियन वेळेवर मागे आली नाही तर उलट इंजिनच आर्मेचरला भयंकर वेगाने फिरवते आणि त्याच्या तारा उखडतात. दोन्ही प्रकारांत फक्त मोटर बदलून काहीच साधत नाही.

१२/ यात खर्चाबरोबरच रोजीही पणाला लागते. भरलेला ट्रक धक्का मारून सुरू होत नाही. उन्हात अडकलेल्या उसाचे वजन दर तासाला घटते. सेल्फचा भरवसा नसलेला चालक कारखान्याच्या रांगेत इंजिन बंदच करत नाही आणि उभ्या गाडीत डिझेल जळत राहते. एक मीटर, एक पॉलिश पेपर आणि अर्थिंगची एक नवी पट्टी यांनी हे अनेकदा टळते. शिवाय एक जुना नियम पाळावा: सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारावा, आणि इंजिन लागले नाही तर दोन मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात तांबे थंड होते.