जुनी पॅनेल, नवा इन्व्हर्टर, वेगळी बॅटरी: घरच्या सोलरमध्ये काय एकत्र चालतं आणि काय नाही?

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. गावानं एकत्र ठरवून घराघरांवर पॅनेल बसवली. बाकी सातारा-सांगलीतल्या अनेक घरांची गोष्ट मात्र इतकी सरळ नसते. कुणाकडे लोडशेडिंगच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी असते, कुणाच्या पत्र्यावर सात-आठ वर्षांपूर्वीची चार पॅनेल असतात. त्यात आता नवीन पॅनेल आणि लिथियम बॅटरी घ्यायचा विचार सुरू होतो. मग प्रश्न पडतो, जुनं फेकायचं की नव्याला जोडायचं?

जोडता येतं. पण कसं जोडता, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी पॅनेल बघू. पॅनेल एकामागे एक जोडली, म्हणजे सिरीजमध्ये, तर व्होल्टेजची बेरीज होते, पण करंट सगळ्यांतून सारखाच वाहतो. मोठ्या पाइपलाइनमध्ये मध्येच एक अरुंद तुकडा बसवला तर पुढे तेवढंच पाणी जातं, तसंच हे. जुनं ३३० वॅटचं पॅनेल साधारण ३७ व्होल्ट आणि पावणेनऊ अँपिअर देतं. नवं ५४० वॅटचं साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर. चार जुनी आणि दोन नवी एकाच रांगेत लावली, तर नव्यांनाही पावणेनऊ अँपिअरवरच थांबावं लागतं. कागदावर २,४०० वॅट, हातात जेमतेम २,०५०. नव्या पॅनेलचे पैसे पूर्ण दिले आणि त्यातला तिसरा हिस्सा वाया घालवला, असा हा व्यवहार.

मग चार जुन्यांची एक रांग, दोन नव्यांची दुसरी, आणि दोन्ही पॅरलल जोडल्या तर? तेही नाही. पॅरललमध्ये व्होल्टेज जुळावं लागतं. इथे एक रांग दीडशे व्होल्टची, दुसरी ८२ची. मोठी रांग खाली ओढली जाते आणि तिचा करंट उलटा लहान रांगेत शिरण्याचा धोका राहतो.

उपाय असा की दोन रांगांना दोन वेगळी दारं द्यायची. अनेक इन्व्हर्टरना दोन एमपीपीटी असतात, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे दोन स्वतंत्र भाग. एकावर जुनी, दुसऱ्यावर नवी. पण इथेही एक गोम आहे. माण, जत, आटपाडीकडच्या एप्रिलच्या उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं आणि तापलं की व्होल्टेज उतरतं. ८२ व्होल्टची रांग दुपारी सत्तरीत येते. काही इन्व्हर्टरना नीट चालायलाच ८०-९० व्होल्ट लागतात. म्हणजे ऐन उन्हात ती रांग अर्धवट चालणार! अशा वेळी नवी पॅनेल दोनऐवजी किमान तीन घ्यावीत.

थंडीत याच्या उलट घडतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात हिवाळ्यात दवबिंदू गोठतात. तिथं नव्या पॅनेलची दहाची रांग लावली, तर लोड नसतानाचं व्होल्टेज कागदावर ४९५ दिसतं, पण शून्य अंशाच्या सकाळी ते सव्वापाचशेच्या पुढे जातं. इन्व्हर्टरची मर्यादा ५०० असेल तर तो जळू शकतो, आणि मर्यादेबाहेर चालवल्यामुळे झालेल्या बिघाडाला वॉरंटी सहसा लागू होत नाही. एकाच जिल्ह्यात माण आणि महाबळेश्वर आहेत, त्यामुळे साताऱ्यात ‘शेजाऱ्यानं लावलंय तसंच लावा’ हा सल्ला फार जपून घ्यावा.

आता इन्व्हर्टर. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणची लाइट गेली की स्वतः बंद होतो, बाहेर कितीही ऊन असलं तरी. हा बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. लाइट गेल्यावरही पंखे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर लागतो.

घरात जुना इन्व्हर्टर आहेच, तर त्याचं आणि नव्याचं आउटपुट एकाच वायरिंगला जोडू, ही कल्पना अनेकांना सुचते. ती घातक आहे. दोन वेगळे इन्व्हर्टर एका तालात चालत नाहीत, एक दुसऱ्याला जाळतो. त्यापेक्षा वायरिंगच वेगळं करावं. दिवे, पंखे, वायफाय बॅटरीवाल्या सर्किटवर. गिझर, पाण्याची मोटर, इस्त्री महावितरणच्या बाजूला.

बॅटरीत तर मिसळामिसळ नकोच. जुन्या बॅटरीला नवी जोडली की नवी जुनीच्या चालीनं चालते आणि लवकर संपते. लिथियम आणि ट्यूब्युलर यांची चार्जिंगची पद्धतच वेगळी, त्यामुळे थेट पॅरलल अजिबात नाही. क्षमतेचा हिशोबही वेगळा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर म्हणजे १.८ युनिट, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९ युनिट. तीस वॅटचे तीन बीएलडीसी पंखे दहा तास चालले की ती संपली. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम पाच युनिटची, त्यातली चारेक युनिट रोज वापरता येतात.

मग जुन्या सामानाचं काय? पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ते भारतात बनलेल्या सेलच्या भारतीय पॅनेलनाच, आणि बॅटरीसाठी नाही. त्यामुळे जुनी पॅनेल अनुदानाच्या सिस्टिममध्ये घुसवण्यात अर्थ नाही. ती आपल्या चार्ज कंट्रोलरवर, जुन्या बॅटरीसह, नेट मीटरपासून पूर्ण वेगळी ठेवावीत. गोठा, अंगण आणि जिन्याचे दिवे त्यावर आरामात चालतात. बॅटरी मेली की तेवढीच बदलायची.

जागेचंही बघावं लागतं. साखर कारखान्याजवळ घर असेल तर गळीत हंगामात चिमणीची राख पॅनेलवर बसते. आठवड्यातून एकदा सकाळी, काच तापायच्या आत, पाण्यानं धुवावी. आणि सांगलीत इन्व्हर्टर जिन्याखाली बसवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी आहे ४५. पूररेषेतल्या घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर सावलीत, हवेशीर जागी असावी आणि पॅनेलचा डीसी आयसोलेटर छतावरच, पॅनेलच्या जवळ असावा. मीटरचा स्विच पाडला तरी दिवसा पॅनेलपासून खाली येणाऱ्या वायरमध्ये शेकडो व्होल्ट असतातच. पाणी चढायला लागलं की आधी वर जाऊन तो आयसोलेटर बंद करायचा. आणि पाणी ओसरल्यावर इलेक्ट्रिशियननं तपासेपर्यंत तो चालू करायचा नाही.